कांजिण्यांच्या साली धनीबाई

धनीबाई राठोड आठ वर्षांची असताना देवीच्या आजारात तिचे दोन्ही डोळे गेले. इंझोरीजवळच्या तांड्यावर त्या साली घरोघर देवी निघाली होती. धनीबाई आणि तिची धाकटी बहीण एकाच झोपडीत, कडुलिंबाच्या पाल्यावर शेजारी शेजारी निजवलेल्या होत्या. धाकटी अकराव्या दिवशी गेली. धनीबाई जगली. पण सुजून मिटलेल्या पापण्या उघडल्या तेव्हा उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळत होतं, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तेही कळेनासं झालं.

पापण्या मिटून काढलेले ते दोन-अडीच आठवडे तिच्या पक्के ध्यानात राहिले होते. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती अंगावरचे फोड बोटांनी चाचपत पडून राही. आई रागवायची, हाताला फडकी बांधायची. फडकं सुटलं की पोरीचे हात पुन्हा अंगावर. एकेक फोड कातडीखाली ज्वारीचा दाणा रुतून बसावा तसा होता. दाबला तर हलायचा नाही, फुटायचा नाही. सगळे एकदम आले, एकदम भरले, एकदम वाळले. तोंडावर आणि हातापायांवर दाटी होती, पोटावर कमी. तळहात तर असे भरले होते की मूठ वळत नव्हती.

पुढे आई-बाप गेले आणि ती भाऊ रतनसिंगच्या घरात राहिली. जात्यावर दळायची, गळ्यातल्या घंटेच्या आवाजावर वासरं सांभाळायची, भावाची पाच लेकरं तिनंच खेळवली. तांड्यात तिला कोणी छळलं असं नाही, पण लग्नाचा विषयही कोणी काढला नाही. ती तिशीला आली तेव्हा रतनसिंगच्या कानावर आलं की रिसोडच्या बाहेर, वाशीमच्या रस्त्याला, आंधळ्या माणसांसाठी एक जागा निघाली आहे. तिथं राहायला मिळतं, जेवायला मिळतं आणि हाताला कामही शिकवतात. त्यानं बहिणीला विचारलं. ती म्हणाली, पाहून येऊ. पाहून आले, आणि पाहायला म्हणून गेलेली धनीबाई तिथंच राहिली.

गावातले लोक त्या जागेला ‘आंधळ्यांची शाळा’ म्हणत. मूल त्यात एकही नव्हतं. जुन्या जिनिंगची लांबलचक शेड होती. मधे भिंत घालून एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं. अकरा पुरुष, आठ बाया. शाळांच्या, कचेऱ्यांच्या खुर्च्या विणायला येत. वेताच्या पट्ट्या भिजवायच्या आणि चौकटीच्या भोकांतून ओवत विणत जायचं, असं ते काम. धनीबाईला ते उकंडरावनं शिकवलं. उकंडराव कुणब्याचा, साठीला आलेला, त्याचेही डोळे लहानपणी देवीनंच नेलेले. शिकवताना तो फार बोलत नसे. तिची वीण चाचपायचा आणि चुकलेल्या जागेवर तिचं बोट नेऊन ठेवायचा. वर्षभरात तिचं काम त्याच्यापेक्षा घट्ट होऊ लागलं. तेव्हा त्यानं आपल्याकडची अवघड खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि तो सोप्या खुर्च्या विणू लागला. त्याच्यापरीनं ती शाबासकी होती.

सगळा कारभार शेषराव इंगोले पाहत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली होती आणि घरातले देव नदीत सोडले होते. अंधगृहातही त्यांनी देवाचा फोटो लावू दिला नव्हता. पण कोणी आपल्या पेटीत मूर्ती ठेवली तर ती पेटी त्यांनी कधी उघडून पाहिली नाही.

एकोणीसशे पंच्याहत्तर सालच्या संक्रांतीला गंगू आपल्या भावाकडं रिठदला गेली. गंगू ही धनीबाईच्या शेजारच्या खाटेवरची, पस्तिशीची, देवीनंच आंधळी झालेली. सहा दिवस राहून, तिळाचे लाडू घेऊन परतली. भावाच्या घरात दोन लेकरांना बारीक ताप होता, हे तिनं सहज सांगितलं. दोन आठवड्यांनी तिलाही ताप भरला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की पाठीवर काहीतरी उठलंय.

धनीबाईनं तिच्या पोलक्यात हात घालून पाठ पाहिली. बोटांखाली पाण्याचे थेंब लागले. गवतावरचं दव जसं नुसतं टेकलेलं असतं तसे ते कातडीवर टेकलेले होते. एकाला जरा जोरात बोट लागलं आणि तो फुटला. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर सकाळचे काही वाळायला लागले होते आणि त्यांच्या शेजारी नवे उठत होते. धनीबाईनं गंगूचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेऊन सावकाश फिरवून पाहिले. एकही फोड नव्हता. कांजिण्या आहेत, असं तिनं गंगूला सांगितलं, मास्तरांनाही सांगितलं. मास्तरांनी गंगूची खाट कोपऱ्यात सरकवली आणि तिला आंघोळीला कडुलिंबाचं पाणी द्यायला सांगितलं. आठ-दहा दिवसांत गंगू उठून विणायला बसली. कोणी फार मनावर घेतलं नाही.

पण अंधगृहात माणसं हातानं जगतात. जेवणाची घंटा झाली की एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं जायचं, ही तिथली चाल. पाण्याचा एकच माठ, एकच गडवा. फेब्रुवारीच्या मध्यावर दोन दिवसांत सहा जण तापानं पडले. चार पुरुष, दोन बाया. त्यांत उकंडराव होता.

गंगूला निघाले होते त्याच्या चौपट फोड त्याला निघाले. तोंडात, घशात, डोक्याच्या केसांत, सगळीकडं. ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले की बैलगाडी सांगून म्हाताऱ्याला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नेऊ. उकंडराव जायला राजी नव्हता. गाडीत चौदा कोस हाडं खिळखिळी करून घ्यायची त्याची तयारी नव्हती. त्यानं धनीबाईला बोलावून घेतलं आणि विचारलं, “धने, तुले काय वाटते?”

तिनं त्याचे तळहात पाहिले, छाती पाहिली. त्याचा श्वास तिच्या कानावर पडत होता. नेहमीपेक्षा आखूड होता, वरच्या वर घेतल्यासारखा. तापानं होतं तसं, असं तिला वाटलं.

“कांजन्याच हायेत,” ती म्हणाली. “मास्तर, हा लेकरायचा रोग. यानं मोठं मानूस मरत नाई. आठ दिवसात उठून बसते. कायले त्याले गाडीत हलवता?”

मास्तरांनी ऐकलं. धनीबाईचं बोट चुकत नाही, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलेल्या माणसानं उकंडरावला हलवलं तर तो गार पडला होता.

मास्तर गावात जाऊन चार घरी सांगून आले. प्रेताला खांदा द्यायला कोणी आलं नाही. अंगभर फोड येऊन माणूस मेला म्हणजे देवी, अशी बातमी मास्तरांच्या आधीच बाजारात पोचली होती. देवीनं गेलेल्याला जाळत नाहीत, असंही लोकांनी दुरूनच सांगून टाकलं. मग अंधगृहाच्याच जमिनीत, मागच्या बाभळींजवळ खड्डा खणला. तिरडी चौघा आंधळ्यांनी उचलली. त्यांत जमशेद होता, दगडखाणीत सुरुंगानं डोळे गेलेला, सव्वीस वर्षांचा, अंगानं मजबूत. मास्तर पुढं चालत “डावीकडं, आता सरळ, आता उतार” असं सांगत होते आणि त्या आवाजामागं चौघं चालत होते. धनीबाई शेडच्या दारात उभी राहून त्यांची पावलं ऐकत राहिली. बाया पुढं जात नाहीत म्हणून ती गेली नाही. जायची परवानगी असती तरी तिला जाववलं नसतं.

त्या दिवसापासून तिनं आजाराबद्दल एक शब्द काढायचा नाही असं ठरवलं. कोणी हात पुढं करून “पाह्य वो बाई, काय हाय हे” म्हटलं, तर ती मास्तरांना विचारा म्हणायची. आजाऱ्यांना पाणी द्यायची, पाला बदलायची आणि परत येऊन आपल्या खाटेवर बसायची. गंगूनं दोनदा तिला जेवायला उठवलं, दोन्ही वेळा ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाक करणारी विमलबाई आली नाही. तिच्या पोरांनी तिला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. मास्तर स्वतः चुलीपुढं बसले आणि जाडसर भाकरी थापू लागले. त्यातच अंधगृह चालवणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींचा निरोप आला. ज्यांना चालता-फिरता येतं त्यांना एसटीत बसवून आपापल्या गावी पाठवून द्यावं. आजारी असतील त्यांच्या घरच्यांना कळवावं, ते येऊन घेऊन जातील. महिन्याभरानं पाहू. निरोप घेऊन आलेला माणूस फाटकाच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हता. रस्त्यावरूनच ओरडून सांगून गेला.

लोक बोचकी बांधू लागले. काहींना गाव होतं पण घर नव्हतं, तेही बांधू लागले. बांधाबांध चालू असतानाच फाटकाशी सायकल थांबली.

सायकलवर सैफुद्दीन होता. पंचवीस वर्षं त्यानं रिसोड भागातल्या खेड्यांत देवीच्या लशी टोचल्या होत्या. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत, जरी तो डॉक्टर नव्हता. त्या वर्षी सरकारनं देवी देशातून काढून टाकायचीच असा चंग बांधला होता. कुठं ताप आणि फोड दिसले की तपासायला माणूस धावत होता. उकंडराव गेल्याचं मास्तरांनीच पत्र लिहून कळवलं होतं.

सैफुद्दीननं सगळे आजारी पाहिले. मग ओट्यावर बसून सवयीनं झोळीतून देवीच्या रोग्याचं चित्र असलेला कागद काढला, समोरच्यांपुढं धरला आणि विचारलं, “उकंडरावच्या तोंडावर असे फोड होते का?” विचारल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्यानं कागद मांडीवर ठेवला. जमशेद हसला. बरेच दिवसांनी तिथं कोणीतरी हसलं होतं.

मास्तरांशी बोलताना सैफुद्दीन अडखळत होता. या पाच जणांना कांजिण्या वाटतात, तो म्हणाला, पण मेलेला माणूस आपण पाहिलेला नाही. कांजिण्यांनी माणूस मेल्याचं त्यानं या भागात ऐकलं नव्हतं. लस घेतलेल्याला देवी निघाली तर ती फसवी निघते, कांजिण्यांसारखी दिसते, असंही साहेब लोक सांगत. तेव्हा देवी समजूनच वर कळवावं लागेल. मास्तरांनी गावी पाठवण्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, एकाला इथून हलवलं तर पंधरा गावांत पसरेल. देवी असो की कांजिण्या. पण ट्रस्टची मंडळी आपलं ऐकणार नाहीत, साहेब येईपर्यंत तुम्ही यांना धरून ठेवा, आणि साहेब कधी येतील ते आपल्याला ठाऊक नाही.

धनीबाई दाराआड बसून ऐकत होती. मोटारस्टँडवरून दुपारची वाशीमची गाडी अजून सुटायची होती. ती उठली, भिंतीला हात लावत ओट्यापर्यंत आली.

“सैफुद्दीनभाई,” ती म्हणाली, “उकंडरावले देवी नव्हती.”

“तुले कसं मालूम, बाई?”

“त्याच्या डोयांचं काय झालतं, ते इचारा मास्तरायले. देवीनं गेलते. गंगूचेबी देवीनंच गेले. एकदा आलेली देवी त्याच अंगात दुसऱ्यांदा येते का? पंचवीस साल टोचून राह्यले तुमी, असं एक तरी मानूस पाह्यलं का?”

 असं माणूस सैफुद्दीननं पाहिलं नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं. तळहात कोरे होते. फोड कातडीवर होते, कातडीत नव्हते. एकाच जागेवर एक ओला, एक वाळलेला आणि एक नवा, असे तिन्ही एकाच वेळी हाताला लागत होते. देवीचे असे नसतात, सगळे एका वयाचे असतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आठ वर्षांची असताना ती ते दिवसरात्र चाचपत पडली होती. सैफुद्दीननं आणखी चार गोष्टी विचारल्या. बरोबर त्याच, ज्या त्याला प्रशिक्षणात पाठ करायला लावल्या होत्या. प्रत्येकीचं उत्तर तिच्याकडं तयार होतं.

“मंग हे आदी काहून नाई सांगितलं?” त्यानं विचारलं.

“आदी सांगितलं म्हनून तं तो मेला,” धनीबाई म्हणाली. “मास्तर त्याले दवाखान्यात नेत होते. म्याच नाई म्हनलं.”

 मास्तर म्हणाले की निर्णय माझा होता. 

सैफुद्दीननं विचारलं की शेवटच्या दोन दिवसांत म्हाताऱ्याला खोकला होता का, श्वास कसा होता. तिनं सांगितलं. आखूड होता, वरच्या वर होता. तिच्या कानानं ते ऐकलं होतं, पण बोटं फोडांवर होती आणि तिचं सगळं ध्यान बोटांकडं होतं. सैफुद्दीन म्हणाला की एका डॉक्टरसाहेबानं त्याला एकदा सांगितलं होतं, लेकरांना कांजिण्या हसत-खेळत निघतात, थोर माणसाला त्या छातीत उतरतात. तेव्हा त्यानंही ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

“रोग तू बरोबर वळखला,” तो म्हणाला. “पन थोर मानसाले तो कसा धरते, ते तुलेबी मालूम नव्हतं अन् मलेबी नाई. आता मालूम झालं. अजून लोक पडतीन. आता फोडायकडं नको पाहू, श्वास आयक.”

तो तसाच सायकल मारत गावात गेला आणि ट्रस्टच्या अध्यक्षांच्या दुकानापुढं उभा राहिला. तिथं त्यानं काय सांगितलं ते कोणाला नीट कळलं नाही, पण एसटीत बसवायचं रद्द झालं. दोन दिवसांनी सरकारी जीप आली. साहेबांनी फोडांच्या खपल्या कागदाच्या पुडीत घेतल्या, तपासणीला पाठवल्या आणि निकाल येईपर्यंत फाटक बंद ठेवायला सांगितलं. सगळ्यांना लस टोचली. खबरदारी म्हणून गावातल्या रस्त्याकडच्या घरांतल्या माणसांनाही टोचली. रेशनचं धान्य आणि दूध फाटकाशी ठेवून जायची सोय झाली.

आतलं सगळं बदललं. खांद्यावर हात ठेवून जेवायला जायची रांग मास्तरांनी मोडली. ज्याचं ताट त्याच्या खाटेवर. प्रत्येकाला वेगळा गडवा, त्याला ओळखायला सुतळीच्या वेगवेगळ्या गाठी. गंगूला एकदा होऊन गेल्या होत्या, म्हणून तीच आजाऱ्यांपाशी राहणार असं ठरलं. धनीबाईला कांजिण्या झालेल्या होत्या की नव्हत्या, हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. मास्तर नको म्हणत असताना तीही तिथं गेली.

ती रोज सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला प्रत्येक खाटेपाशी बसे आणि आजाऱ्याच्या पाठीला कान लावी. घड्याळ तिच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून तिनं आपलंच माप केलं. आपण दहा श्वास घेईपर्यंत समोरचा किती घेतो, ते ती मोजायची. तेरा-चौदा असले तर तापाचे. त्याच्या वर गेले की ती मास्तरांना हाक मारी. पुरुषांना आधी लाज वाटली. परक्या बाईनं पाठीला कान लावायचा म्हणजे काय, असं एक-दोघं म्हणाले. गंगूनं त्यांना फटकारलं, म्हणाली की उकंडराव लाजला नसता तर आज इथं असता. तसं काही झालं नव्हतं, उकंडराव कधी लाजला नव्हता, पण ते लोक गप्प बसले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणखी सात जण पडले. त्यांत जमशेद. त्यानं आजाराची चेष्टाच चालवली होती. फोड मोजायला बसायचा आणि दीडशेच्या पुढं आकडा चुकला की शिव्या द्यायचा. चौथ्या दिवशी सकाळी धनीबाई त्याच्यापाशी बसली तेव्हा तो म्हणाला की आज बरं आहे, ताप उतरलाय. तिनं कान लावला. आत बारीक कुरकुर ऐकू येत होती, कोरडा पाला चुरगाळावा तशी. तिचे दहा झाले तोवर त्याचे एकवीस झाले होते.

ती उठून बाहेर आली. मास्तर चुलीपाशी होते.

“मास्तर, जमशेदले दवाखान्यात न्या. आताच्या आता.”

मास्तर म्हणाले की सैफुद्दीन उद्या जीप घेऊन येणारच आहे.

“उद्या नाई,” ती म्हणाली. “मी चुकीची निघाली तं मले शिव्या द्या. पन आज.”

जमशेदला जायचं नव्हतं. इथं बरा होतो, तिथं अनोळखी जागेत आपल्याला पाणीसुद्धा सापडणार नाही, असं त्याचं म्हणणं. धनीबाई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं त्याच्या कपड्यांचं बोचकं बांधलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. मास्तर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. दोन ट्रक थांबले नाहीत. तिसरा कापसाच्या गाठी घेऊन चालला होता, तो थांबला. त्याच्या ड्रायव्हरला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या आणि त्याला कशाची भीती नव्हती. मास्तर आणि जमशेद त्या ट्रकमधून वाशीमला गेले.

दवाखान्यात पोचल्यावर दोन तासांनी जमशेदला धाप लागली. बोलता येईना. दोन्ही फुप्फुसांना सूज होती. त्याला प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली. डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं की अंगात ताप नव्हता, तर तुम्ही आणलंत कशावरून? मास्तरांनी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलं ते मास्तरांना वाचता आलं नाही. जमशेद सोळा दिवस तिथं होता. परत आला तेव्हा त्याचा सदरा अंगावर पोत्यासारखा लटकत होता.

तोवर धनीबाई स्वतः पडली होती. महाशिवरात्रीच्या सुमारास तिला हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी पोटावर फोड हाताला लागले. भीती अशी नव्हती, पण एक गोष्ट तिनं कोणाला न सांगता केली. अंगावर गोधडी ओढून घेतली आणि एका हाताच्या अंगठ्यानं दुसऱ्या हाताचा तळवा पाहिला, मग दुसऱ्यानं पहिला, मग पाय पोटाशी घेऊन तळपाय. हे सगळं तिनं दर तासाला केलं असेल. तिनंच ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं की देवी दुसऱ्यांदा येत नाही, आणि ते खरं आहे हे तिला ठाऊक होतं. तरी ती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा ती आपल्या मेलेल्या बहिणीला तांड्यावरच्या गोरमाटी बोलीत हाका मारत होती, असं गंगूनं नंतर सांगितलं. गंगू तिच्या पाठीला कान लावून बसे. तिला श्वास मोजणं नीट जमत नसे, मोजता मोजता ती आपलेच विसरायची. पण बसायची.

धनीबाईची छाती वाचली. अशक्तपणा आणि खोकला मात्र वैशाखातल्या अखाजीपर्यंत राहिला.

अंधगृहातल्या एकोणीस माणसांपैकी सगळे मिळून पंधरा जण आजारी पडले. एक गेला, एक मरता मरता वाचला. एप्रिलमध्ये तपासणीचा निकाल आला. सैफुद्दीन तो कागद घेऊन आला आणि मास्तरांनी ओट्यावर उभं राहून वाचला. पाठवलेल्या खपल्यांत देवी आढळली नाही. तोवर सगळे विणायला बसायला लागले होते, म्हणून कोणाला फार आनंद झाला असं नाही. विमलबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली, न बोलता चुलीपुढं बसली आणि मास्तरांनी तिला न बोलता पीठ काढून दिलं.

धनीबाईनं सैफुद्दीनला विचारलं की कागदात उकंडरावचं काही लिहिलंय का. नव्हतं. त्याच्या खपल्या कोणी घेतल्याच नव्हत्या. तिनं सांगितलं की लिहायला पाहिजे होतं. सैफुद्दीननं आपल्या रजिस्टरमध्ये तारीख टाकून लिहिलं, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं: उकंडराव, वय अंदाजे साठ, कांजिण्या, छातीत उतरून मृत्यू. ती म्हणाली, त्याच्यापुढं हेही लिहा की दवाखान्यात नेलं नाही. ते त्यानं लिहिलं की नुसतं लिहिल्यासारखं केलं, हे कळायला तिच्याकडं मार्ग नव्हता.

दोन वर्षांनी सैफुद्दीन शेवटचा आला. देवी संपल्याचं सरकारनं जाहीर केलं होतं आणि त्याला आता मलेरियाच्या कामाला लावलं होतं. खरंच कुठंच राहिली नाही का, असं धनीबाईनं दोनदा विचारलं. त्यानं सांगितलं की या देशात दोन वर्षं झाली, एकही माणूस सापडलं नाही. ती बराच वेळ हातातली पट्टी ओवत राहिली. मग म्हणाली की तिच्या भावाच्या नातवंडांना टोचलंय की नाही तेवढं इंझोरीकडच्या माणसाला पाहायला सांगा, संपली असली तरी. त्यानं सांगतो म्हटलं.

पुढं अंधगृहात नवीन माणसं आली. कोणी मोतीबिंदूनं आंधळी झालेली, कोणी जन्माची, एक अपघातातला. त्यांचे चेहरे गुळगुळीत असायचे. नवीन बाई आली की धनीबाई तिच्या तोंडावरून हात फिरवून पाहायची, तेव्हा तिला ते कळायचं. ती उकंडरावची गोष्ट प्रत्येकाला सांगायची आणि आपला भाग त्यातून कधी वगळायची नाही. मास्तरांनी एकदा तिला थांबवायचा प्रयत्न केला, म्हणाले की नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे कशाला. ती म्हणाली की मग दुसऱ्या दिवशी सांगते.

तिला एक खोड मात्र लागली. कोणालाही साधा सर्दी-खोकला झाला की ती पाठीला कान लावी आणि दवाखान्यात न्या म्हणे. जमशेद तिची नक्कल करायचा, शिंक आली की स्वतःच ओरडायचा, “मास्तर, जीप मागवा.” एकोणऐंशीच्या पावसाळ्यात मास्तरच खोकायला लागले. धनीबाईनं त्यांना ओट्यावर बसवून पाठ ऐकली आणि वाशीमला जायला लावलं. पावसात एसटीनं भिजत गेले, दिवसभर रांगेत बसले. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून परत पाठवलं. मास्तर चिडून आले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. धनीबाईनं विमलबाईकडून विचारून घेतलं की डॉक्टरनं छातीला नळी लावून पाहिली ना. लावली होती. मग झालं, ती म्हणाली, आणि अर्धी विणलेली खुर्ची पुढं ओढून कामाला बसली.